छोट्या नळीच्या रिव्हॉल्व्हरला वॅडकटर चालतंय का? जाणकारांनी सांगा की

शहापूर_सराफ

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचूलोय, लिहायला आज बसलोय. माझ्याकडं .३२ बोअरचं (बोअर म्हणजे नळीच्या भोकाचं माप) रिव्हॉल्व्हर आहे, वडिलांचं होतं, ते गेल्यावर रीतसर माझ्या नावावर करून घेतलं. सोन्याचांदीचं दुकान, रात्री कुलूप लावून गल्लीतनं घरी यायचं म्हटल्यावर ते जवळ असतं, देवाच्या दयेनं आजपर्यंत बाहेर काढायची वेळ आली नाही.

विचारायचं असं की गेले महिनाभर अमेरिकेतल्या लोकांचे व्हिडिओ बघूलोय, ते छोट्या नळीच्या रिव्हॉल्व्हरला वॅडकटर म्हणून एक गोळी असते तीच भरा म्हणतात. गोळीला टोकच नाही, डब्याचं झाकण लावल्यासारखी सपाट, काडतुसाच्या तोंडाबरोबर आत बसलेली, पहिल्यांदा बघितली तेव्हा मला ते रिकामं काडतूसच वाटलं. इथं दुकानात विचारलं तर ते म्हणाले ती मॅचची, म्हणजे नेमबाजीच्या स्पर्धेची गोळी, कागदाला भोकं पाडायची, तुम्हाला काय करायची. आता कागदाला भोक पाडायची गोळी हे लोक स्वतःच्या जिवासाठी का भरतात ते मला कळंना. आणि आपल्याकडच्या गोल नाकाच्या गोळीपेक्षा खरंच काही फरक पडतो का?

अथणीचा_पायताणवाला

बंदुकीतलं मला फार कळत नाही, घरात आजोबांची ठासणीची होती तेवढंच. खरं हा प्रश्न वाचून मला आमचा धंदाच आठवला.

चामड्याला आरीनं टोचलं तर भोक पडतंय, खरं चामडं कुठं जात नाही, नुसतं बाजूला सरकतंय. आरी काढली की भोक परत आवळून येतंय, बोटानं चोळलं तर दिसणार पण नाही. त्याच चामड्यावर पंच ठेवून हातोडी मारा, गोल चकती तुटून खाली पडते आणि भोक जेवढ्याला तेवढं राहतंय. कडा एकदम स्वच्छ. गोल नाकाची गोळी म्हणजे आरी आणि ही सपाट गोळी म्हणजे पंच असं मला वाटतंय, बरोबर आहे का सुभेदारसाहेब?

नावाचं पण सांगतो. आजोबा बंदूक ठासताना दारूवर नमद्याची गोल चकती घालायचे, तिला वॅड म्हणायचे, आणि ती कापायला आमच्या पंचासारखाच पंच असायचा. वॅडकटर नाव त्यावरनंच आलेलं असणार.

सुभेदार_खानापूर

अथणीवाल्यांनी एका झटक्यात सांगितलं, मला अर्धा तास लागला असता. शंभर टक्के बरोबर.

आता सराफसाहेबांचा प्रश्न, मॅचची गोळी लोक जिवासाठी का भरतात. याला जरा मागं जावं लागतंय. कोल्टचं डिटेक्टिव्ह स्पेशल १९२७ ला आलं, दोन इंच नळी, सहा गोळ्या. स्मिथ अँड वेसनचं चीफ्स स्पेशल १९५० ला, ते अजून लहान, पाच गोळ्यांचं. दोन्ही .३८ स्पेशल काडतुसाची. खिशात मावावं म्हणून नळी तोडली, आणि नळी तोडली की दारूला गोळी ढकलायला जागा कमी मिळते, वेग पडतो. मोठ्या नळीतनं जी गोळी चांगलं काम करते तीच इथं मंद होते.

आता पोकळ नाकाची गोळी, हॉलो पॉइंट. तिचं सगळं गणित वेगावर. आत शिरल्यावर नाकाच्या खड्ड्यात दाब येऊन ती फुलासारखी उमलायची. छोट्या नळीतनं वेग कमी, वर जाड कपडा मध्ये आला की त्याचा बोळा त्या खड्ड्यात भरतो, मग ती उमलतच नाही, गोल नाकाच्या गोळीसारखीच सरळ जाते. पैसे पोकळ नाकाचे दिले आणि हातात आरीच आली. वॅडकटरला उमलायचंच नाहीये, ती पहिल्यापासून रुंद आहे, कपडा असू दे नसू दे, वेग कमी असू दे, पंच तो पंचच.

आणि दुसरं कारण, जे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. .३८ ची मॅचची गोळी १४८ ग्रेनची, म्हणजे साडेनऊ ग्रॅमच्या आसपास, मऊ शिशाची, वेग सेकंदाला दोनशे-सव्वादोनशे मीटर. झटका कमी. पाचशे ग्रॅमच्या हत्यारातनं जोरदार काडतूस उडवलं तर तळहात झिणझिणतो, दुसरी गोळी लागायच्या आधी माणूस डोळे मिटतो. पन्नास वर्षांचा माणूस, आठवड्यातनं एकदासुद्धा सराव नाही, त्यानं कुठली गोळी भरावी? ज्या गोळीनं दुसरा नेम पण लागतो ती. मी रेजिमेंटल सेंटरला पोरांना शिकवलंय, चाप ओढायच्या आधीच झटक्याच्या भीतीनं मनगट खाली जातं, गोळी पायाशी माती उडवते. हत्याराचा त्यात काही दोष नसतो.

तिकडं आता खास स्वसंरक्षणासाठी पण अशी काडतुसं निघालीत. बफेलो बोअरची १५० ग्रेनची कडक शिशाची वॅडकटर आहे. फेडरलनं १३० ग्रेनची मायक्रो एचएसटी काढली, ती पोकळ नाकाची आहे खरं वॅडकटरसारखी काडतुसात पूर्ण आत बसवलेली, मुद्दाम छोट्या नळीसाठी. ही सगळी .३८ ची. आपल्याकडं .३८ प्रतिबंधित बोअर, साध्या परवान्यावर मिळत नाही, त्यामुळं ती नावं वाचून दुकानात मागायला जाऊ नका.

निपाणीकर

सुभेदारसाहेब मान ठेवून विचारतो, एवढ्या मंद गोळीत दम किती असणार? मी कागदावर मांडून बघितलं. .३२ लाँगची ९८ ग्रेनची गोळी, म्हणजे ६.३५ ग्रॅम, वेग २१५ मीटर धरला तर १४७ ज्यूल येतात. .३८ ची वॅडकटर त्याच वेगानं २२० ज्यूल. ९ एमएम पिस्तूल ४५० ते ५०० च्या घरात. म्हणजे आपलं .३२ एक तृतीयांश पण नाही. मग सपाट काय आणि गोल काय, फरक करायला आधी ताकद तर पाहिजे की. मला वाटतं लोक कमी ताकदीच्या हत्याराचं समाधान शोधूलालेत.

सुभेदार_खानापूर

गणित बरोबर मांडलंय तुम्ही. खरं ज्यूल हा आकडा एकटा काही सांगत नाही. इन्सास रायफलची गोळी सेकंदाला नऊशे मीटरनं जाते, तिथं वेगाचाच धक्का इतका असतो की आजूबाजूचं पण फाटतं. पिस्तूल रिव्हॉल्व्हरच्या वेगात तो प्रकार फारसा नाही, गोळी ज्याला शिवते तेवढ्याचंच नुकसान. मग दोनच गोष्टी उरतात, पुरेशी आत जाते का आणि वाटेत स्वच्छ कापते का.

११ एप्रिल १९८६ ला मायामीत एफबीआयची दोन गुंडांशी गोळाबारी झाली, दोन एजंट गेले. त्यात एका ९ एमएमच्या गोळीची खूप चर्चा झाली, ती उमलली व्यवस्थित खरं पाहिजे तेवढी आत गेली नाही. त्यानंतर त्यांनी गोळी किती आत जाते ते जिलेटिनच्या ठोकळ्यात मोजायचं ठरवलं, कमीत कमी १२ इंच, जास्तीत जास्त १८. तेव्हापासून चांगली गोळी कुठली हे आधी खोलीवरनं ठरायला लागलं, ज्यूल मागं पडले. वॅडकटर मंद असूनसुद्धा टिकली ती त्यामुळं, उमलत नाही म्हणून वाटेत अडत नाही.

.३२ मध्ये ताकद कमी, हे मी नाकारत नाही. म्हणूनच म्हणतो की लागली तर उपयोग.

दहा_रिंग

मी बेळगावचाच, सरावाला कोल्हापूरला जातो, २५ मीटर सेंटर फायर हा पिस्तूल नेमबाजीचा प्रकार मारतो. वॅडकटर रोज हातात असते म्हणून लिहितोय.

आमच्या प्रकाराला .३० ते .३८ बोअर चालतो, बहुतेक सगळे .३२ लाँग वॅडकटरच वापरतात, ९८ नाहीतर १०० ग्रेन. गोळी शिशाची किंवा तसल्याच मऊ धातूची पाहिजे, वर कठीण धातूचं कवच असलेली चालत नाही. साठ गोळ्या, तीस सावकाश नेमाच्या आणि तीस जलद. सावकाश नेमाच्या कागदावर दहाचं वर्तुळ ५० मिलिमीटर, आतलं २५ मिलिमीटर. गोळी रेषेला नुसती शिवली तरी वरचा गुण मिळतो, म्हणून भोक स्वच्छ पाहिजे. गोल नाकाची गोळी कागद फाडत जाते, भोक गोळीपेक्षा लहान दिसतं, कडा चिंध्यांसारख्या, मग ही नऊ का दहा यावर वाद. वॅडकटर ७.९ मिलिमीटरची चकती कापून टाकते, वादच नाही. जसपाल राणांनी २००६ च्या दोहा एशियाडला याच प्रकारात ५९० मारून विश्वविक्रमाची बरोबरी केली होती. एका एका गुणाची किंमत असते तिथं.

आता महत्त्वाचं. ही काडतुसं बाहेरनं येतात, नावाजलेल्या नेमबाजांना खेळासाठी आयात करू देतात. ती खेळाडूच्या हिशेबातली असतात, एकेक मोजून. मित्र आहे म्हणून तुम्हाला चार देऊ शकत नाही, आणि मागू पण नका, माझ्याकडं दोघांनी मागितली आहेत म्हणून स्पष्ट लिहितोय. सराफसाहेब, तुम्हाला दुकानात मिळते ती खडकीच्या कारखान्याची, बुडावर केएफ लिहिलेली, गोल नाकाची. कारखाना २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीकडं गेला, गोळी तीच.

निर्भीकवाली_संकेश्वर

मी पेट्रोल पंप बघते, घरच्यांनी आग्रहानं परवाना काढायला लावला, निर्भीक नावाचं रिव्हॉल्व्हर घेतलं. पाचशे ग्रॅम. दुकानात हातात घेतलं तेव्हा किती हलकं म्हणून खूश झाले, पहिल्यांदा मारलं तेव्हा कळलं हलक्याची किंमत काय असते. आणि ते .३२ आहे हं, मोठं बोअर नाही. सुभेदारकाका म्हणतात तसंच झालं, चौथ्या गोळीला मी डोळे मिटले होते, मैत्रिणीनं काढलेल्या व्हिडिओत दिसतं स्पष्ट. नंतर प्रबल रिव्हॉल्व्हरचं वाचलं, २०२३ ला आलेलं, ते जरा वजनदार आणि सिलिंडर बाजूला उघडणारं, खरं आता आहे त्याच्यावर हात बसवायचा ठरवलंय.

मला एक विचारायचं होतं काका. सपाट तोंडाची गोळी भरायला त्रास होत नाही का? गोल नाकाची पण घाईत माझ्या हातनं भोकाला अडखळते.

सुभेदार_खानापूर

ताई, अगदी वर्मावर बोट ठेवलंत. वॅडकटरची हीच मोठी अडचण. गोल नाक असलं की टोक भोकात शिरतं आणि बाकीचं मागनं घरंगळत जातं. सपाट असली की काठावर बसते, नेमकी सरळ धरली तरच आत जाते. स्पीडलोडर, म्हणजे सगळी काडतुसं एकदम भरायचं साधन, असला तर अजून वाईट, सगळ्याच एकदम जुळाव्या लागतात. तिकडं पुष्कळ लोक सिलिंडरमध्ये वॅडकटर भरतात आणि खिशातल्या जादा गोळ्या टोकदार नाहीतर गोल नाकाच्या ठेवतात, म्हणजे हात थरथरत असताना भरायला सोप्या. सेमी वॅडकटर म्हणून एक मधला प्रकार आहे, पुढं निमुळतं सपाट नाक आणि मागं धारदार खांदा, ती भरायला बरी.

तुमचं निर्भीक जुन्या ब्रिटिश वेब्ली रिव्हॉल्व्हरसारखं मधनं मोडतं, उघडलं की सगळी रिकामी काडतुसं एकदम वर येतात. तेवढं तरी सुख. उघडताना नळी खाली आणि बोट चापाच्या बाहेर, हे घरी रिकाम्या हत्यारावर रोज दहा वेळा करा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून.

शहापूर_सराफ

खूप शिकायला मिळूलंय. एक प्रसंग सांगतो, लाज वाटते खरं दुसऱ्या कुणाचं वाचलं तर बरं. दोन वर्षांमागं काडतुसं आणायला गेलो, काउंटरवर नुसतं ".३२ द्या" म्हणालो. घरी येऊन डबा उघडला तर काडतुसं बुटकी. एक भरून बघितलं तर सिलिंडरमध्ये शिरलं पण! मग शंका आली म्हणून वडिलांच्या जुन्या डब्यातलं एक शेजारी ठेवलं, लांबी वेगळीच. दुसऱ्या दिवशी परत केली, दुकानदारानं पण कबूल केलं की विचारायला पाहिजे होतं. ती पिस्तुलाची होती म्हणे. हे काय प्रकरण आहे?

दहा_रिंग

बापरे, वाचलात. .३२ पिस्तुलाचं काडतूस म्हणजे ७.६५ एमएम, आणि रिव्हॉल्व्हरचं म्हणजे .३२ स्मिथ अँड वेसन लाँग, ही दोन वेगळी काडतुसं. पिस्तुलाच्या काडतुसाला बुडाची कड अगदी बारीक, खरं तेवढ्यावर ते रिव्हॉल्व्हरमध्ये अडकून बसतं म्हणून लोकांना वाटतं चालतंय. त्याचा दाब जास्त असतो, जुन्या रिव्हॉल्व्हरला तो सोसेलच असं नाही. दुकानात बोअर सांगताना रिव्हॉल्व्हर लाँग असं पूर्ण सांगायचं आणि डब्यावरचं वाचूनच पैसे द्यायचे.

जांबोटी_काजूवाला

आमच्याकडं पिकासाठी बारा बोअर आहे, गवे आणि डुकरं. रिव्हॉल्व्हर नाही. खरं काडतुसाचं एक सांगतो, आमच्या पावसात चामड्याच्या पट्ट्यात काडतुसं ठेवू नका. जून ते सप्टेंबर ठेवली तर पितळ कळकतं, हिरवट थर येतो, चामडं कमावायला जे वापरतात ते पितळेला खातंय. मग काडतूस भोकात अर्धं जाऊन अडकतं. आम्ही पत्र्याच्या डब्यात ठेवतो, वर कोरडं फडकं. आणि निवडणुकीला ठाण्यात जमा करताना काडतुसं पण मोजून पावतीवर लिहून घ्या, परत घेताना मोजा.

चंदगडी

सीमेवरच्यांसाठी एक राहिलंच. परवाना कर्नाटकापुरता असला तर शिनोळीला चहा प्यायला जाताना पण हत्यार घरी ठेवा. बेळगावहून शिनोळी म्हणजे आम्हाला शेजारची गल्ली वाटते, खरं कायद्याला ते दुसरं राज्य. आमच्या ओळखीतला एक जण महाराष्ट्रातनं परत येताना कोगनोळी नाक्यावर गाडी तपासताना सापडला, हत्यार स्वतःचं, परवाना स्वतःचा, फक्त क्षेत्र कर्नाटक लिहिलेलं, पुढं दीड वर्ष कोर्टाच्या फेऱ्या. नूतनीकरणाला जाल तेव्हा परवान्यावरचं क्षेत्र वाचा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना पाच वर्षांचा झालाय, म्हणजे एकदा चूक राहिली तर पाच वर्षं राहणार.

निपाणीकर

मला अजून एक सुचतंय. मिळत नाही तर शिशाच्या गोळीचं नाक घासून सपाट केलं किंवा कुणाकडनं भरून घेतलं तर?

सुभेदार_खानापूर

नाही. आणि हे कुणीच करू नका, हात जोडून सांगतो. घरी काडतूस भरणं परवान्याशिवाय गुन्हा आहे, ते एक. दुसरं, वॅडकटरमध्ये बुडाला पोकळी असलेली एक जात असते, तिचा मागचा भाग पातळ झालरीसारखा. दाब जरा जास्त झाला तर ती झालर तुटून नळीतच राहते आणि गोळीचं डोकं पुढं जातं. पुढची गोळी त्या शिशावर जाऊन आदळते. दारू कमी पडली तर उलटं, अख्खी गोळीच अडकते.

एकदा रेंजवर एका शिकाऊचा आवाज नुसता फुस्स आला, फटाका न फुटता विझावा तसा. तो पुढचा चाप ओढणार तेवढ्यात मी मनगट धरलं. हत्यार मोकळं करून नळीतनं काडी घातली तर बोटभर आत जाऊन थांबली. पोरगं नंतर तासभर बोललं नाही. तेव्हा आवाज वेगळा आला की थांबायचं, नळी जमिनीकडं, आणि मोकळं करून आरपार उजेड दिसल्याशिवाय पुढं काही नाही.

कारखान्यातली गोळी जशी आहे तशीच वापरा. गोल नाकाची वाईट नाही, फक्त पंच नाही.

शहापूर_सराफ

मंडळी, रविवारी इकडच्याच रेंजवर जाऊन आलो, दहा_रिंग पण आले होते त्यांच्या पिस्तुलासह. वडिलांच्या वेळची डब्यातली काडतुसं सगळी तिथंच संपवली. चोवीसमधली दोन पेटलीच नाहीत, चाप ओढला आणि नुसतं टक. सुभेदारसाहेबांनी सांगून ठेवलेलं म्हणून नळी समोर धरून तसाच थांबलो, मग काढली. विचार करा, ती दोन मी सहा वर्षं कमरेला लावून फिरत होतो.

सात मीटरवर मारलं. पहिल्या सहा गोळ्यांतल्या पाच जेवणाच्या ताटाएवढ्या जागेत, एक कागदाच्या बाहेर. दहा_रिंग म्हणाले चाप ओढताय तेव्हा करंगळी पण आवळूलाय, त्यानं नळी खाली जातेय. सावकाश करत गेलो. शेवटच्या सहा बशीएवढ्या जागेत आल्या. बाकी काही बदललं नव्हतं, तेच हत्यार, त्याच गोळ्या.

मग दोन्ही कागद शेजारी धरले. माझी भोकं चांदणीसारखी फाटलेली, मध्ये कागदाच्या चिंध्या आत वळलेल्या, करंगळीचं नख पण नीट जात नाही. त्यांची भोकं एकदम गोल, रुपयाचं नाणं छापल्यासारखी काठाची रेघ, आणि मागच्या पुठ्ठ्याखाली खरोखर बारीक काळ्या चकत्या पडलेल्या. दोन उचलून आणल्यात. अथणीवाले, तुमच्यासाठी ठेवल्यात, पुढच्या महिन्यात पायताण घ्यायला येतो तेव्हा देतो.

नवीन काडतुसं घेतली, गोल नाकाचीच, डब्यावर तारीख लिहिली. दर तीन महिन्यांनी रेंज, जुनी तिथं संपवायची आणि नवीन भरायची असं ठरवलंय.

अथणीचा_पायताणवाला

या या. चकत्या नक्की आणा, आमच्या पंचाच्या चकतीशेजारी ठेवून बघूया.

निर्भीकवाली_संकेश्वर

सराफदादा, पुढच्या वेळेला जाताना दोन दिवस आधी कळवा, मी पण येते. मला ती करंगळीची चूक माझी पण वाटूलीय.